मतांचं पथ्य

बदलापूरकराला हार्ट अटॅक आला म्हटलं की लोक आधी विचारतात, "कुठल्या गाडीत?" छातीत कुठे दुखलं, किती दुखलं, हे सगळं नंतर. आमच्याकडे माणसाच्या आयुष्यातल्या बहुतेक मोठ्या घटना मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधलेल्या असतात. त्यामुळे माझं उत्तर ऐकून लोकांचा चक्क विरस होतो. मला अटॅक आला तो रविवारी, घरी, सोफ्यावर बसल्या बसल्या. अंबरनाथहून उलटे बदलापूरला येऊन खिडक्या अडवून बसणाऱ्या मंडळींशी माझं कित्येक वर्षांचं वैर आहे. त्या लढाईत धारातीर्थी पडलो असतो, तर आमच्या डब्यात निदान दसऱ्याच्या पूजेला माझा एखादा फोटो तरी लागला असता. मी पडलो तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. विषय होता गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण.

झाकण प्लास्टिकचं घ्यावं की लोखंडी, असा प्रश्न होता. मी लोखंडी पक्षाचा. माझा तिसरा परिच्छेद चालू होता. 'ज्यांना गंजाची एवढी भीती वाटते त्यांनी' इथपर्यंत टाइप झालं आणि डाव्या जबड्यात काहीतरी ओढल्यासारखं वाटू लागलं. पंखा पाचवर असताना बनियन ओलंचिंब झालं. बायको आतून कोथिंबीर निवडत आली, माझ्याकडे पाहिलं आणि कोथिंबीर तशीच टीपॉयवर टाकून शेजारच्यांची बेल वाजवायला गेली. शेजाऱ्यांची गाडी, विम्को नाका, पुढे उल्हासनगर. फर्निचर बाजारापाशी टेम्पोतून अर्धा बाहेर लटकणारा एक मरून रंगाचा सोफा बराच वेळ आमच्या पुढे चालला होता. आपल्या डोळ्यांसमोरचं हे शेवटचं दृश्य असेल की काय, असं मनात येऊन गेलं. आणि त्या सोफ्याचं कापड टिकणार नाही, असंही मत झालं.

दवाखान्यात एका अगदी कोवळ्या डॉक्टरने फॉर्म भरून घेतला. तंबाखू? नाही. सिगारेट? नाही. दारू? नाही. गुटखा, मिश्री, तपकीर? नाही, नाही, नाही. त्याने कौतुकाने 'निर्व्यसनी' असं लिहिलं. मागे उभी असलेली बायको खाकरली. डॉक्टरने वर पाहिलं. ती म्हणाली, "काही नाही, लिहा तुम्ही." त्या खाकरण्यात जे होतं, त्यासाठी वैद्यकीय फॉर्मवर अजून रकाना निघालेला नाही.

अँजिओप्लास्टीला आपल्याकडे 'स्प्रिंग टाकली' म्हणतात. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ती थेट हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात, तिथे इवलासा फुगा फुगवतात आणि जाळीची नळी बसवून बाहेर येतात. माणूस सगळा वेळ जागा असतो. यातलं फुग्याचं काम पहिल्यांदा केलं आंद्रेआस ग्रुंट्झिग नावाच्या डॉक्टरने, झुरिकमध्ये, १६ सप्टेंबर १९७७ रोजी. पहिला रुग्ण अडतीस वर्षांचा होता आणि विम्याच्या पॉलिसी विकायचा. ही माहिती मी आमच्या इमारतीतल्या विमा एजंटाला दिली, तेव्हा त्याने ती डायरीत टिपून घेतली. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ती ऐकवत असणार. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट त्या वेळी २९,६०० रुपयांवर आणून ठेवला. त्याआधी याच जाळीचे लाखभर आणि त्याहूनही जास्त मोजलेले लोक आमच्याच लाइनवर आहेत. त्यांच्यासमोर मी माझ्या बिलाचा विषय काढत नाही. त्यांना पुन्हा छातीत दुखायला नको.

आयसीयूत फोन नसतो. माझा फोन मुलाच्या खिशात गेला. डोक्यावरचं मशीन टिकटिकत असतं, त्यात आपला ठोका हिरव्या रेषेने पळत असतो, आणि त्या रेषेखाली कुणीही अंगठा दाखवलेला नसतो. पहिला दिवस वाईट गेला. डॉक्टरांच्या मते तो अशक्तपणा होता. मला विचाराल तर पोटात अडकलेल्या मतांचा गॅस होता. समोरच्या खाटेवरचे आजोबा, सिस्टरांची ड्यूटी लावायची पद्धत, सलाइनच्या स्टँडची चाकं, जेवणाच्या ट्रॉलीचा मार्ग, सगळ्यांवर माझ्याकडे सूचना तयार होत्या आणि टाकायला ग्रुप नव्हता.

घरी आल्यावर मुलाने फोन परत दिला. सोसायटीच्या ग्रुपवर शेकड्यांनी मेसेज साचले होते. मी ते खालून वर, म्हणजे उलट्या काळाने वाचले. गुलाबाच्या फुलांचे, हात जोडलेले, धावत्या हृदयाचे स्टिकर. एका गृहस्थांनी 'भावपूर्ण' एवढा शब्द टाइप केला होता आणि पुढचा शब्द फोननेच सुचवून बसवला होता. त्याखाली तिघांनी 'ओम शांती' म्हटलं होतं. मग एकाने 'अहो ते आहेत अजून' असं लिहिलं होतं. त्यातल्या 'अजून'वर मी थोडा रेंगाळलो. त्याच्याही वर सेक्रेटरींचा मेसेज होता: 'काकांकडून पुढे काही उत्तर आलेलं नाही, म्हणजे त्यांचा विरोध नाही असं गृहीत धरून प्लास्टिकचं झाकण मागवत आहोत.' मी ऑक्सिजनवर असताना माझी संमती घेतली गेली होती. झाकण आलं, बसलं, पाणी स्वच्छ येत होतं. मला जिने चढायला बंदी होती म्हणून बरं.

यानंतर सुरू झाली उपायांची आवक. हृदयरोग्याला नातेवाइकांकडून जेवढे उपाय येतात, तेवढे औषधांच्या दुकानातही नसतील. पिंपळाची पानं उकळून काढा. लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगर एकत्र आटवून रोज चमचाभर. पुन्हा झटका आलाच तर जोरजोरात खोकत राहा. हा खोकण्याचा मेसेज इतक्या वर्षांचा जुना आहे, की त्याला एव्हाना पेन्शन लागू झाली असती. घरी एकटं असताना असं खोकून काही साधत नाही, अॅम्ब्युलन्सला फोन करा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने केव्हाच सांगून टाकलंय. दुधीच्या रसाची तर मला धास्तीच आहे. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस प्यायले आणि दगावले. त्यानंतर वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमून, रस कडू लागला तर मुळीच पिऊ नका, असं सांगितलं. हे मी माझ्या मावसबहिणीला कळवलं. तिने उलट टपाली दुधीचा आणखी एक मेसेज पाठवला, या वेळी पुदिना घालून.

या मेसेजांच्या डोक्यावर दोन बाणांची खूण असते, 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'. ती खूण गंमत म्हणून आलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी त्या वर्षी देशात ठिकठिकाणी बळी घेतले. मग त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल असं केलं, आणि करोनाच्या वर्षी फार फिरलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. माझी मावसबहीण एकेक नाव निवडून पाठवते. एवढे कष्ट ती स्वतःच्या गुडघ्यासाठी घेत नाही. तिच्यावर रागावता येत नाही, ही खरी अडचण आहे. दवाखान्यात भेटायला यायला तिला जमलं नाही, चिंचवडहून यायचं म्हणजे दोन गाड्या. तेव्हा तिने दुधी पाठवला.

पुस्तकांचंही तसंच. मराठी माणसाला हृदयविकार झाला की त्याच्या घरी डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' येतंच. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्याचं काम करणारा, साधं राहणारा डॉक्टर, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःच हृदयरोगी. ते पुस्तक वाचून महाराष्ट्रात किती जणांनी तूप सोडलं आणि किती जण पहाटे चालायला लागले, याची मोजदाद कुणी केली असती तर ती सरकारी योजनेत दाखवता आली असती. माझ्याकडे त्याच्या एकाहून अधिक प्रती आल्या. एका प्रतीच्या पहिल्या पानावर 'प्रिय भाऊजींस, लवकर बरे व्हा' असं लिहिलेलं होतं, त्यावर काट मारून खाली 'नानांना प्रेमपूर्वक' आणि त्याखाली मला. या भाऊजींना मी ओळखत नाही. नानाही कुणाचे ते माहीत नाही. पान एकवीसपर्यंत बारीक पेन्सिलच्या खुणा होत्या, पुढे पान कोरं. भाऊजी बरे झाले असावेत.

पुस्तक मी पूर्ण वाचलं. आहाराची प्रकरणं बायकोने आधी वाचून ठेवली होती, त्यामुळे त्यातलं मला काही नवीन राहिलं नव्हतं. ताटातच आलं होतं. मी अडकलो तो मनावरच्या ताणाच्या भागात. मला ताण होता तरी कसला? नोकरी संपत आलेली, कर्ज फिटलेलं, मुलगा मार्गी लागलेला. मग त्या रविवारी सकाळी चहाच्या आधी मी कोणकोणत्या बाबतीत चिडलो होतो, ते आठवून पाहिलं. भारतीय संघाची फलंदाजी. एका अभिनेत्रीचा घटस्फोट. पुण्यातल्या एका उड्डाणपुलाचं डिझाइन. मी पुण्यात राहत नाही. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने टाकलेला इतिहास. आणि झाकण. या प्रत्येक ठिकाणी मी सविस्तर लिहिलं होतं आणि उत्तर आलं का म्हणून पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं होतं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मतांचं प्रमाण कुणी ठरवून दिलेलं नाही.

मी ठरवलं, फोन कमी. इथे फोनने मला गाठलं. डॉक्टर म्हणाले चाला. मुलाने लगेच पावलं मोजणारं अॅप टाकून दिलं आणि मनगटावर पट्टा बांधला. ज्या वस्तूपासून लांब राहायचं होतं, तीच आता पांढरा कोट घालून आली. पावलं किती, ठोके किती, झोप किती, त्यातली गाढ किती. पहाटे उठून मी आधी, रात्री आपल्याला झोप लागली होती का, हे फोनला विचारायला लागलो. दहा हजार पावलांचं म्हणाल, तर तो आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि विक्रीसाठी हा आकडा धरला. तो गोल होता, चांगला दिसत होता. साठ वर्षांनी बदलापुरात एक माणूस नऊ हजार आठशेवर थांबला म्हणून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतो आणि पोळ्या करणाऱ्या बाईंच्या मध्ये मध्ये येतो. डब्यातला एक मित्र सांगतो, की कल्याणपासून उभ्याने आलं तर गाडीच्या हिसक्यांनी त्याच्या पट्ट्यावर पावलं आपोआप चढतात. मध्य रेल्वे त्याला बसल्या जागी, म्हणजे उभ्या जागी, तंदुरुस्त करतेय.

कधी कधी आम्ही दोघं अंबरनाथच्या शिवमंदिराकडे चालायला जातो. शके ९८२ म्हणजे १०६० सालचा लेख आहे त्याच्यावर. शिलाहारांच्या काळातलं काम. गाभारा सभामंडपापेक्षा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर शिखर नसल्यामुळे पिंडीवर थेट आकाश. बाहेरून वालधुनी वाहते. कारखान्यांनी तिचं जे केलं आहे त्यावर माझं मत अजून आहे आणि ते पथ्यात बसत नसलं तरी राहणार आहे. पायऱ्या उतरताना पट्टा खूश असतो. चढताना बायको माझ्या तोंडाकडे पाहत असते, मी पट्ट्याकडे. "माझ्याकडे बघा," ती म्हणते, "त्याला काय कळतंय."

मला नीट समजावलं ते उल्हासनगरच्या एका सिंधी स्नेह्यांनी. कॅम्प नंबर पाचमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा धंदा. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकीत त्यांचे वडील सिंधमधून येऊन उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं गाव झालं, उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव पडलं, पण शेठच्या घराचा पत्ता अजूनही बराक नंबरानेच सांगावा लागतो. शेठच्या हृदयात माझ्या आधी स्प्रिंगा बसल्या आहेत, त्यामुळे ते या खात्यातले माझे सीनियर. रविवारी दाल-पकवान खाणं बंद झाल्यावर त्यांनी ते दुसऱ्यांना खिलवायला सुरुवात केली. समोर बसवतात, आपण नुसता चहा घेतात, बिनसाखरेचा, आणि माणसाने पकवान मोडलं की कान टवकारतात. "कुरकुरीत आहे ना, भाऊ? दाल गरम आहे? वर कांदा घ्या." मी पण पथ्यावरचा असल्यामुळे मला एक पाव तुकडा मिळतो आणि त्याचंही वर्णन करावं लागतं.

त्यांनी फोनचं काय केलं, ते सांगितलं. दुकान उघडलं की मोबाइल गल्ल्यात टाकतात, दुपारच्या जेवणापर्यंत कुलूप. धंद्याचा फोन नोकराकडे. मी विचारलं, "मग त्या वेळात काही सुचलं, कुणाला काही सांगावंसं वाटलं तर?" शेठ हसले. "भाऊ, मत आपला माल आहे ना? उधारीवर देऊ नका. ग्रुपमध्ये टाकलं म्हणजे उधारी, वसुली कधीच नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन समोर उभं राहिलं, तरच माल काढायचा. मग थान पूर्ण उलगडून दाखवा, कोण नको म्हणतो?"

हे मला पटलं. पटायला पुरावाही होता. ऑगस्ट २०२२ मध्ये नेहमीच्या गाड्यांच्या जागी एसी लोकल घातल्या, तेव्हा आमच्या डब्याच्या ग्रुपवर आठवडाभर महाभारत झालं. रेल्वेला त्याचा पत्ताही नव्हता. मग बदलापूरला लोक स्टेशन मास्तरांच्या ऑफिससमोर जाऊन उभे राहिले, तिकडे कळव्यालाही झालं, आणि वाढवलेल्या एसी फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. मी त्या दिवशी स्टेशनात नव्हतो. मी ग्रुपवर होतो.

तेव्हा मी एकेका ग्रुपमधून बाहेर पडलो. अॅडमिनला 'लेफ्ट' अशी ओळ दिसते, लोक विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. ते विसरणं सुरुवातीला लागलं. उड्डाणपूल माझ्याशिवाय बांधला गेला. सोसायटीच्या ग्रुपमधून निघता येत नाही, पाणी कधी येणार ते तिथेच कळतं. तिथे मी नुसता असतो. एक ग्रुप मात्र मी आपणहून ठेवला आहे, पावसाळ्याचा. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी तळमजल्यावर काढला, त्यांना कारण सांगावं लागणार नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढले, तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांना आधी कळलं होतं. या ग्रुपवर कुणी मत देत नाही. 'उल्हास १६.२०', 'बारवीचे दरवाजे', 'हेंद्रेपाड्यात रस्त्यावर पाणी'. साडेसोळा मीटरला इशारा, साडेसतराला धोका. एवढंच. पावसाळाभर मी तो वाचतो आणि माझा पट्टा ठोके शांत दाखवतो. यावरून पट्ट्याला पुराचं काही कळत नाही, हे बायकोचं म्हणणं खरं ठरतं.

तर आता इमारतीला रंग काढायचा आहे. सेक्रेटरींनी ग्रुपवर चार रंगांचं मतदान लावलं. सगळ्यांनी खुणा केल्या, माझी नाही. दोन वेळा आठवण आली. शेवटी गेल्या रविवारी ते शेड कार्ड बगलेत मारून स्वतःच घरी आले. "काका, तुमचं एकट्याचं राहिलंय. आधीसारखं मागाहून काही नको." गिऱ्हाईक दुकानात येऊन समोर उभं होतं. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि थान उलगडलं. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा, फिक्या रंगावर चढणारं शेवाळ, प्रायमरचे हात, रंगाऱ्याने पाणी किती घालावं, पलीकडच्या इमारतीचं तीन वर्षांत काय झालं. सेक्रेटरी मध्ये बोलायला जात होते, मी जाऊ देत नव्हतो. मग ते बोलायला लागले, तेव्हा मी बोलू देत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. आवाज चढला असावा, कारण बायकोने बीपीचं मशीन आणून टीपॉयवर ठेवलं. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. मला वाटलं आता ती मशीन उचलून नेईल. तिने पट्टा सोडवला आणि सेक्रेटरींच्या दंडाला बांधला.

एकशे चौसष्ट, शंभर.

सेक्रेटरींनी आकड्याकडे बघितलं, शेड कार्ड मिटलं, आणि या मशीनच्या कंपनीत काही अर्थ नाही, यावर बोलायला सुरुवात केली.